वासाची लाखोळी

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मी वर्गात एक खोटं बोलले. तसं लहानच होतं, पण ते निभावण्यात माझा सगळा हिवाळा गेला.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम नागपूरच्या होत्या. तासांवर नेमलेल्या, एका वर्षापुरत्या. कॉलेज अर्जुनीला होतं, तिथेच खोली करून राहायच्या. दसऱ्याच्या सुट्ट्यांआधी शिकवता शिकवता त्यांनी मधेच विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी बाग आहे?"

पुढच्या बाकांवरच्या तीन-चार मुलींनी हात वर केले. त्या गावातच राहणाऱ्या होत्या, त्यांच्या घरांना लोखंडी फाटक होतं आणि फाटकाच्या आत कुंड्या. मी मागे बसायचे, खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलींमध्ये. माझा हात कसा वर गेला हे मला अजून नीट सांगता येत नाही. कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि तोवर तो एकदाही वर गेला नव्हता. इंग्रजीतला एक शब्द कळेपर्यंत पुढचे चार निघून जायचे. हा प्रश्न मराठीत होता आणि पूर्ण कळला होता, कदाचित म्हणूनच गेला असेल.

शेजारची मैत्रीण दुकानदाराची मुलगी, घरात हिंदी बोलणारी. तिने कोपराने ढोसलं. "तेरे घर में गार्डन है?"

"है ना," मी म्हणाले.

आमच्या घरामागे जे होतं त्याला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. घराच्या पाठीशी उरलेली जागा. तिथे शेणाचा उकिरडा, शेळीचा खुंटा, भांडी घासायची जागा, चार वांगी, एक केळ, आणि कोपऱ्यात आंघोळीची फरशी. फरशीच्या तिन्ही बाजूंनी बाबांनी तुराट्यांची ताटी बांधली होती. सांदवाडीभोवती बेशरमाचं कुंपण. फूल म्हणाल तर त्या बेशरमाचंच, जांभळट, कुणी न लावता बारा महिने येणारं.

मॅडमनी हात वर केलेल्यांना एकेकीला विचारलं, "ऊन किती येतं?" एकीच्या अंगणात शेजारच्या माडीची सावली होती. एकीचे वडील फरशी उकरू देणार नव्हते. माझ्यापाशी आल्यावर मी म्हणाले, "दिवसभर येतं मॅडम." हे मात्र खरं होतं.

म्हणून बिया मला मिळाल्या. वहीच्या कागदाच्या पुडीत बारा बिया, काळपट, गोल, मिऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या. "स्वीट पी," मॅडम म्हणाल्या. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांच्या सरकारी क्वार्टरच्या जाळीवर हा वेल असायचा आणि फाटक उघडल्याबरोबर वास यायचा. प्रॅक्टिकलला शेंगा येणाऱ्या कुळातलं एक फूल उघडून दाखवायचं असतं. दरवर्षी मुलं गोकर्णाचं फूल आणतात. "या वेळी हे आणू. आणि फुललं की सांग, मी येईन तुझी बाग बघायला."

मी मान हलवली. बसमध्ये बसल्यावर उमगलं. फुललं नाही तर मॅडमना वाईट वाटेल, आणि फुललं तर त्या घरी येतील.

मॅडमनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं. बी रात्रभर भिजवायचं. जे फुगणार नाही त्याच्या पाठीवर ब्लेडने बारीक चीर पाडायची, डोळ्याला धक्का लावायचा नाही. जुनं कुजलेलं शेणखत. चढायला आधार. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या: याच्या शेंगा व बिया विषारी, काहीही खाऊ नये.

सांदवाडीत दिवसभर ऊन मिळणारी आणि आधार असलेली जागा एकच होती, आंघोळीची ताटी. मी ताटीच्या बाहेरून बिया लावल्या. साबणाचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून बाबांनी फरशीपासून एक चर खणून पाणी केळीकडे वळवलं. ते काही विचारत नसत. फक्त म्हणाले, "ताटी जुनी झाली. नवी बांधून देतो." आणि बांबूच्या कमच्या उभ्या-आडव्या घालून त्यांनी ताटी पक्की करून दिली.

विचारणारी आमची शेजारची काकू. बेशरमाच्या कुंपणावरून तिचं डोकं दिवसातून चारदा दिसायचं.

"काय लावून राहिली वो?"

"फुलाचा वेल आहे, काकू."

"शेंगा येतीन का?"

"येतील, पण खायच्या नाहीत."

"मंग कायले लावतं?"

काकू आईकडे वळून म्हणाली, "पोरगी कॉलेजात जाऊन आंघोळीच्या ताटीले फुलं लावून राहिली. आता पान्यात गुलाब टाकन." आई भांडी घासत हसली. कॉलेजला जायला लागल्यापासून मी घरातही पुस्तकासारखं बोलते, हा दोघींच्या चेष्टेचा विषय होता. मी मुद्दाम करत नव्हते. वर्गात 'का'च्या जागी तोंडातून 'काऊन' निघालं तर मागून हसू यायचं, म्हणून जिभेला दिवसभर आवर घालावा लागायचा, आणि घरी आल्यावर तो लगेच सुटायचा नाही.

बारातल्या दोन बिया फुगल्याच नाहीत. एक रोप कोंबडीने उकरलं. दोन रोपं बुडाशी कुरतडलेली सापडली. सात राहिली. त्यांच्याभोवती मी बाभळीच्या काट्या रोवल्या. कॉलेजला निघण्याआधी सातही मोजायची आणि आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी पुन्हा मोजायची.

रोपं वीतभर झाली तेव्हा आई भांड्यांपासून उठून ओल्या हातांनीच त्यांच्यापाशी बसली. एक देठ तिने दोन बोटांत धरून फिरवला.

"हे फूल होय म्हणून कोनं सांगतलं तुले?"

"मॅडमनी."

"लाखोळी होय हे."

लाखोळी आमच्याकडे सगळ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असते. धान कापायच्या आधी ओल्या मातीत बी फेकतात. धान निघून जातं आणि उरलेल्या ओलीवर लाखोळी वाढते. तिला कुणी पाणी घालत नाही की खत. तिची डाळ जास्त खाल्ली तर पाय जातात म्हणून बाजारात तिला बंदी होती, पण घरोघरी ती असायचीच. मॅडमच्या क्वार्टरच्या जाळीवरच्या फुलाला आईने लाखोळी म्हणावं, हे मला लागलं.

"लाखोळी नाही आई, हे विलायती फूल आहे. पाकिटातून आलंय."

"पाकिटातून येवो नाइ तं पोत्यातून. देठ पाह्य. वाटान्याचा असा रायते का? हा चपटा हाये, दोही अंगानं धार हाये. लाखोळीचाच असा रायते."

"पानं रुंद आहेत याची."

"पानी भेटते रोज, तं होतीन रुंद." ती उठली. "लाखोळीले कोनं रोज पानी देल्लं?"

डिसेंबरात वेल हातभर झाले. तंतू कमच्यांना पकडू लागले. मॅडम दर आठवड्याला विचारायच्या, "कशी आहे बाग?" मी म्हणायचे, "चांगली आहे मॅडम." प्रत्येक वेळी त्या खोट्याला थोडं पाणी घातल्यासारखं वाटायचं.

एका शनिवारी मी लवकर आले. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून मागे गेले. सातही वेल जागेवर होते, पण एकालाही शेंडा नव्हता. सगळे एका उंचीवर साफ खुडलेले, नखाने खुडतात तसे. शेळी असं खात नाही.

आत चुलीपाशी आई बसली होती. तिच्यापुढे सुपात कोवळ्या पाल्याचा ढीग. सकाळपासून ती बांधीत लाखोळीची भाजी खुडायला गेली होती. त्या दिवसांत कोवळ्या शेंड्यांची भाजी घरोघरी होते, लसणाची फोडणी देऊन. कढईत तेल तापलं होतं.

"मागचे शेंडे यात टाकले का?"

"टाकले. कवळे होते चांगले."

मी सूप ओढून घेतलं. ढिगात रुंद पानं शोधू लागले, पण बारीक-रुंद सगळं एकमेकांत मिसळलं होतं. शेवटी मी सूप उचललं आणि सगळा पाला उकिरड्यावर नेऊन टाकला. तिने सकाळपासून वाकून वाकून खुडलेला, सगळा. परत येऊन म्हणाले, "विषारी आहे ते. तुला किती सांगितलं लाखोळी नाही म्हणून. तुला काही कळत नाही."

आईने कढई खाली उतरवली. "मले तू खाऊ नोको म्हनून नाइ सांगतलं," एवढंच म्हणाली.

ते खरं होतं. दोन रेघा मारलेली ओळ माझ्या वहीत होती. मी ती वाचली होती, पण वाचून दाखवली नव्हती. काकूला शेंगांबद्दल सांगितलं होतं, शेंड्यांबद्दल कुणालाच नाही. त्या दिवशी आम्ही कांदा-चटणी आणि भात खाल्ला. बाबांनी एकदा दोघींकडे बघितलं.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "कशी आहे बाग?" मी म्हणाले, "चांगली आहे." या वेळी मान वर झाली नाही. मनात ठरवलं होतं, जानेवारीत सांगून टाकायचं की शेळीने खाल्ले.

पण आठ-दहा दिवसांनी खुडलेल्या जागेखालच्या प्रत्येक पेरातून नवे कोंब दिसू लागले. एकाच्या जागी तीन, कुठे चार. आधी वेल बारीक दोरीसारखे सरळ वर चालले होते, आता ते आडवे पसरले. पंधरा दिवसांत ताटीच्या कमच्या दिसेनाशा झाल्या. आई भांडी घासता घासता बघायची. एका संध्याकाळी मी मॅडमचा कागद आणला आणि चुलीपाशी तिला सगळा वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. शेवटच्या ओळीवर ती म्हणाली, "मंग बी वेगळं ठेवा लागन. डाळीत मिसळलं तं मोठी पंचाईत."

जानेवारी सरता सरता पहिलं फूल उघडलं. एका लांब देठावर तीन फुलं, दोन फिकट गुलाबी आणि एक जांभळं वाटावं असं. वास मला आधी आलाच नाही. आईला आला. ती आंघोळ करत होती आणि ताटीच्या आतून म्हणाली, "बाई, आज कोनाची शादी हाये का? अत्तरासारखा वास येऊन राहिला." मी बाहेर वेलापाशीच उभी होते. नाक जवळ नेलं. मधासारखा, त्यात संत्र्याच्या सालीचा थोडा अंश, असं काहीतरी. मला नीट सांगता येत नाही. ताटीच्या आत पाणी ओतल्याचा आवाज थांबला होता.

मॅडमना सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, "रविवारी येते."

रविवारी सकाळी मी उकिरड्यावर पालापाचोळा पसरला. शेळीला पुढच्या अंगणात बांधलं. फरशीवरचा साबण आणि दगड आत नेऊन ठेवला. आणि आईला म्हणाले, "मॅडमनी विचारलं तर बाग म्हण."

"कायले?"

"म्हण ना."

"बरं, बाग म्हनन."

अकराच्या बसने मॅडम आल्या. चहा झाला. आईने विहाराच्या कार्यक्रमाला नेसायची पांढरी साडी नेसली होती. बाबा "बसा, बसा" म्हणत स्वतः उभेच होते. मग आम्ही मागे गेलो. मॅडमनी एकवार सगळीकडे बघितलं. उकिरडा, केळ, भांडी घासायची राख, ताटी.

"ही बाग का?" त्यांनी सहज विचारलं.

"सांदवाडी होय," आई म्हणाली. मग तिला आठवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि घाईने म्हणाली, "बाग होय, बाग. पोरगी म्हने, बाग म्हनजो."

कुंपणावरून काकूचं डोकं वर आलं. "बेशरमाची बाग होय मॅडम. आमची बी अशीच हाये, याच मंग पाहाले."

मॅडम हसल्या नाहीत, की हसू दाबलं असेल, मला बघवलं नाही. त्या सरळ ताटीपाशी गेल्या, एक देठ हळूच वाकवला आणि डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वेलाच्या बुडाशी वाकून बघू लागल्या.

"शेंडे खुडलेस तू," त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य होतं. "मी कागदावर लिहायचं विसरले होते. नंतर आठवलं, पण म्हटलं आता वेळ गेली. शेंडा खुडला नाही तर हा एकटाच वर जातो आणि चार फुलं देऊन संपतो. तुला कसं कळलं? कुठे वाचलंस?"

'लायब्ररीत' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. वर्षभरात मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं होतं, आणि ते बघणं तसंच राहावं असं मला फार वाटत होतं. आई माझ्या शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"आईने खुडले," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. भाजी, सूप, उकिरडा, मी तिला काय बोलले ते. वर्गात हात वर केला तेव्हा आमच्याकडे बाग नव्हती, हेही.

मॅडमनी ताटीवर पडलेल्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी ऊन विचारलं होतं. ऊन आहे." आणि आईकडे वळल्या. "तुम्हाला हे भाजीचं वाटलं?"

"लाखोळी वाटली. अजून बी वाटते." आईने तोच देठ, तीच धार त्यांना दाखवली. "पोरीले पटत नाइ."

मॅडमनी देठ बोटांत फिरवला. "लॅथिरस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "लाखोळीचं शास्त्रीय नाव काय?" मला येत नव्हतं. "लॅथिरस सटायव्हस. हा लॅथिरस ओडोरॅटस. पहिलं नाव, म्हणजे जीनस, एकच. मी हे दोन्ही शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि लाखोळी शेतात उभी कधी बघितली नाही."

म्हणून आम्ही बांधीवर गेलो. आई पुढे, पांढऱ्या साडीचा काठ वर खोचून. लाखोळी फुलात होती. धानाच्या खुंटांमधून जमिनीलगत पसरलेली, इवली निळी फुलं. मॅडम बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसल्या, त्यांनी एक फूल नखाने उघडलं आणि मला पाकळ्या दाखवल्या: वरची मोठी, बाजूच्या दोन, खालच्या दोन मिळून होडीसारख्या. मग रुमालातून आणलेलं आमच्या ताटीचं फूल तसंच उघडलं. एवढाच फरक, हे मोठं आणि ते लहान. आईने दोन्हींचा वास घेतला.

"हिले नाइ वास, तिले हाये," ती म्हणाली. "वासाची लाखोळी होय ते."

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी दोन्ही फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. एसटीत खिडकीशेजारच्या बाईने फडक्याकडे बघत विचारलं, "काय हाये वो, मोगरा का?" मी म्हणाले, "लाखोळी होय." ती हसली. तिला चेष्टा वाटली असणार. वर्गात प्रत्येक टेबलावर दोन-दोन फुलं ठेवली गेली. दुकानदाराची मुलगी वास घेत म्हणाली, "तेरे गार्डन का है?" मी म्हणाले, "बाथरूम के पीछे का." ती कितीतरी वेळ हसत होती, मग मीही हसले.

वर्षाच्या शेवटी वाळवलेल्या वनस्पतींचे कागद जमा करायचे होते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी. शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, कुठे सापडली. मी स्वीट पीची एक फांदी जाड पुस्तकाखाली दाबून चिकटवली होती. स्वीट पीला आमच्याकडे नाव नाही, स्थानिक नावापुढे इतरांनी रेघ मारली असती. मी 'वासाची लाखोळी' लिहिलं. 'कुठे सापडली' यापुढे पेन थोडं थांबलं. मग लिहिलं, सांदवाडी. मॅडमनी सही करताना ते वाचलं, काही खोडलं नाही आणि पुढचा कागद उचलला. मार्चनंतर त्या गेल्या. पुढे कोणत्या कॉलेजात लागल्या ते मला कळलं नाही.

तो कागद सुट्टीत घरी आणला तेव्हा आईने तो नाकाशी धरला. "याले तं काहीच वास नाइ," ती म्हणाली, आणि चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते विचारलं. मी वाचून दाखवलं. 'वासाची लाखोळी' आणि 'सांदवाडी', या दोन्हींवर तिने मला थांबवलं, शब्द तिचेच होते. म्हणाली, "हे चालते का कॉलेजात?"

"चालते," मी म्हणाले.

बिया तिने लाल चिंधीत बांधून डाळीच्या डब्यांपासून लांब, दाराच्या वरच्या खिळ्याला टांगल्या. पुढच्या दिवाळीत त्या लावल्या, आणि वेल हातभर झाले तेव्हा मी कॉलेजात होते. परत आले तर शेंडे खुडलेले होते, नखाने, एका उंचीवर. खुडलेले शेंडे तिने खड्ड्यात पुरून वर दगड ठेवला होता, कोंबड्यांनी खाऊ नयेत म्हणून. चुलीवर भाजी शिजत होती, बांधीतल्या लाखोळीची. मी ताट घेऊन बसले.